हुनर एकाच गावात का साचतो?

गेल्या महिन्यात शाळा सुटल्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीची आई भेटायला आली. मुलीचे वडील सांच्यावर काम करतात. आमच्या मालेगावात यंत्रमागाला सांचाच म्हणतात. मुलीने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा चांगल्या गुणांनी पूर्ण केला आहे आणि पुण्यातील एका कारखान्यात तिला एक वर्षाचे शिकाऊ काम मिळते आहे. आई म्हणाली, "सर, तुम्हीच तिला समजवा. आता सगळं मोबाइलवर शिकता येतं. घरबसल्या क्लास होतात, घरबसल्या कामही मिळतं म्हणतात. मग पोरीनं अडीचशे किलोमीटर लांब कशाला जायचं?"

प्रश्न साधा होता, तरी उत्तर चटकन देववेना. कारण पाचेक वर्षांपूर्वी हाच प्रश्न घेऊन एका मुलाचे अब्बा आले होते आणि तेव्हा आम्ही बेधडक सांगितले होते, "राहू द्या घरीच, इंटरनेटवर सगळे आहे." मुलगा हुशार होता. त्याने एकापाठोपाठ तीन कोर्स केले, तिन्ही सर्टिफिकेटे भिंतीवर लावली. आज तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आहे. काम हलालचे आहे, कमाईही ठीक आहे. पण त्याला चिपची रचना शिकायची होती, आणि ती शिकवणारे, करणारे, त्यात चुकणारे एकही माणूस त्याच्या आसपास नव्हते. रस्त्यात भेटला की तो अदबीने सलाम करतो. नजर मात्र आम्हालाच खाली घालावी लागते.

म्हणून या वेळी उत्तर देण्यापूर्वी आम्ही थोडे वाचन केले. ज्या लोकांनी संगणक, चिप आणि इंटरनेट जगभर पोहोचवले, ते स्वतः एकमेकांपासून लांब, आपापल्या घरी बसून काम करत होते काय? वाचल्यावर चित्र नेमके उलटे दिसले. जगाला अंतर विसरायला लावणारी यंत्रे ज्यांनी केली, ते स्वतः एकाच खोऱ्यात, एकमेकांच्या दारात दाटीवाटीने राहत होते.

हे खोरे म्हणजे कॅलिफोर्नियातील सांता क्लारा. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथे जर्दाळू, आलुबुखार आणि चेरीच्या बागा होत्या; फळे सुकवायची, डब्यात भरायची, हा तिथला धंदा. सिलिकॉन व्हॅली हे नाव त्याला 1971 साली मिळाले, डॉन हॉफ्लर नावाच्या वार्ताहराने ते आपल्या लेखमालेच्या मथळ्यात वापरले तेव्हा. तिथे सिलिकॉनची काही खाण नव्हती. त्या काळी अमेरिकेचा मोठा पैसा न्यूयॉर्कला होता आणि मोठ्या प्रयोगशाळा बोस्टन, न्यू जर्सीकडे.

तिथल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात फ्रेडरिक टर्मन नावाचे अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्यांची खंत अशी की, आपण घडवलेली हुशार मुले शिक्षण संपताच पूर्वेकडे नोकरीला निघून जातात. (तालुक्याच्या गावातल्या कोणत्याही मास्तराला ही खंत समजावून सांगावी लागणार नाही.) टर्मन नुसते हळहळत बसले नाहीत. विल्यम ह्युलेट आणि डेव्हिड पॅकार्ड या आपल्या दोन विद्यार्थ्यांना त्यांनी "इथेच काहीतरी काढा" म्हणून भरीस घातले. 1939 साली पालो अल्टोतील एका घराच्या गॅरेजमध्ये, 538 डॉलरच्या भांडवलावर त्यांचे काम सुरू झाले. आवाजाची तपासणी करणारे एक यंत्र त्यांनी बनवले आणि त्यातली आठ यंत्रे डिस्नेच्या चित्रपट कंपनीने विकत घेतली. पुढे हीच एचपी कंपनी झाली.

विद्यापीठाकडे जमीन भरपूर होती, पण ती विकायची नाही अशी दान देणाऱ्यांची अट होती. आपल्याकडच्या वक्फच्या जमिनीची आठवण व्हावी असाच हा प्रकार. विकता येत नाही, पडीक ठेवणेही परवडत नाही. तेव्हा 1951 साली त्या जमिनीवर औद्योगिक वसाहत वसवून ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायला सुरुवात झाली. यातली खुबी अशी की भाडेकरू म्हणून तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या, आणि त्यांच्या इंजिनिअरांना नोकरी करता करता विद्यापीठाच्या वर्गात बसून पुढची पदवी घेण्याची सोय झाली. सकाळी कारखाना, संध्याकाळी वर्ग. कारखान्यातला प्रश्न वर्गात जाई आणि वर्गातली युक्ती कारखान्यात येई.

सरकारी पैसाही होता, हे विसरून चालणार नाही. शीतयुद्धाच्या दिवसांत क्षेपणास्त्रे आणि चंद्रमोहीम यांसाठी लागणारे नाजूक भाग महाग असले तरी सरकार घेत होते. सुरुवातीच्या काळात चिपचे जवळजवळ एकमेव गिऱ्हाईक तेच होते. "तरुणांच्या जिद्दीने सर्व घडले" असे सांगणारे लोक ही गोष्ट गाळतात. पण सरकारचा पैसा बोस्टनलाही मिळत होता, तेव्हा फरक पडला तो दुसऱ्याच कारणाने.

ते कारण कळायला 1957 सालची एक घटना पाहावी लागते. ट्रान्झिस्टरच्या शोधातले एक मोठे नाव म्हणजे विल्यम शॉकली. 1956 साली त्यांना नोबेल मिळाले. त्याच सुमारास त्यांनी सांता क्लाराच्या खोऱ्यात आपली प्रयोगशाळा थाटली. तिथेच का, याचे एक कारण अगदी घरगुती होते: त्यांची आई पालो अल्टोत राहत होती. त्यांनी देशभरातून निवडून निवडून तरुण शास्त्रज्ञ गोळा केले. माणूस बुद्धीने अफाट, पण मालक म्हणून कठीण. स्वभाव संशयी, कोणावर भरवसा नाही. दीड-दोन वर्षांतच आठ जण एकदम बाहेर पडले. शॉकलींच्या दृष्टीने ती गद्दारी होती आणि "गद्दार आठ" हे बिरूद त्यांना कायमचे चिकटले.

आठांपैकी प्रत्येकाने पुन्हा पूर्वेकडे जाऊन वेगळी नोकरी धरली असती तर ही कहाणी इथेच संपली असती. ते एकत्र राहिले. न्यूयॉर्कच्या फेअरचाइल्ड नावाच्या कॅमेरा कंपनीने पैसे घातले आणि जुन्या मालकापासून थोड्याच अंतरावर फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर सुरू झाली. 1959 साली या आठांतल्या जाँ होर्नी यांनी सिलिकॉनच्या चकतीवर सपाट थरांत ट्रान्झिस्टर घडवण्याची रीत काढली, आणि त्याच रीतीचा आधार घेऊन रॉबर्ट नॉइस यांनी पूर्ण विद्युतमंडल एकाच तुकड्यावर बसवण्याची कल्पना मांडली. आज आपल्या खिशातल्या मोबाइलमधली चिप त्याच वाटेने आलेली आहे.

आणि मग फेअरचाइल्डमधूनही माणसे बाहेर पडू लागली. नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी 1968 मध्ये इंटेल काढली. पुढच्याच वर्षी तिथल्या दुसऱ्या एका अधिकाऱ्याने सहकाऱ्यांसह एएमडी काढली. आठांतले युजीन क्लायनर तर 1972 पासून नव्या कंपन्यांना भांडवल देण्याच्या धंद्यात पडले. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. बँकेचा अधिकारी कागद पाहून कर्ज देतो. चिप बनवताना स्वतःचे हात भाजलेला माणूस समोरच्या पोराची कल्पना पाहून सांगतो की इथे फसशील, तिथे पैसे लाव. एका फेअरचाइल्डच्या पोटी किती कंपन्या जन्मल्या याच्या वंशावळीच तिथे काढल्या जातात, आपल्याकडे घराण्याचा शजरा काढतात तशा.

हे सगळे लोक रोज भेटत कुठे? माउंटन व्ह्यूमध्ये वॅगन व्हील नावाची एक जागा प्रसिद्ध होती. होते ते मद्यालय. आपल्याकडे तेच काम नाक्यावरच्या चहाच्या हॉटेलाने केले असते. काम सुटल्यावर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांचे इंजिनिअर तिथे एकाच टेबलाभोवती बसत. आमची चकती अमुक तापमानाला तडकते, तुमच्याकडे काय करता? समोरचा आज सांगे, कारण उद्या त्यालाही विचारायचे असे. आणि परवा कदाचित दोघे एकाच कंपनीत असत.

याला कायद्याचाही टेकू होता. नोकरी सोडल्यावर इतकी वर्षे प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही, असे नोकराकडून लिहून घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात 1872 पासून असे करार निरर्थक ठरवणारे कलम आहे. मालकाचे गुपित चोरून नेणे तिथेही गुन्हाच; परंतु स्वतःच्या हातातले कसब घेऊन शेजारच्या दारात जाण्यापासून माणसाला कोणी अडवू शकत नाही. बोस्टन ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये आहे, तिथली न्यायालये मात्र असे करार मान्य करीत असत. रोनाल्ड गिल्सन या कायद्याच्या प्राध्यापकांनी 1999 साली या फरकावर बोट ठेवले.

वाचता वाचता आम्हाला आमच्याच गल्ल्या आठवू लागल्या. 1857 च्या उठावानंतर उत्तरेकडून विणकर घराणी मालेगावात येऊन स्थायिक झाली आणि हे गाव कापडाचे झाले. कोणत्याही मोहल्ल्यात पाहा: सुताचा व्यापारी इथेच, सायझिंग जवळच, सांच्याचे सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात. एका कारखान्यातला जॉबर दुसऱ्याने थोडे जास्त दिले की तिकडे जातो आणि जाताना आपली युक्तीही घेऊन जातो. मालकाशी बिनसले की तो चार सांचे भाड्याने घेऊन पुढच्या गल्लीत स्वतःचे काम सुरू करतो. मुलांना हे कोणी शिकवत नाही. खटखट ऐकतच ती मोठी होतात. इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ अल्फ्रेड मार्शल यांनी 1890 साली नेमके हेच लिहून ठेवले की, एक धंदा एका गावात बराच काळ नांदला की त्याची गुपिते गुपिते राहत नाहीत, ती हवेत मिसळतात आणि पोरे नकळत ती शिकतात. त्यांच्यासमोर इंग्लंडची कापडाची आणि लोखंडी हत्यारांची गावे होती. कॅलिफोर्निया नव्हते, मालेगावही नव्हते.

मग आमची हवा आणि त्यांची हवा यांत फरक कुठे पडला? सरळ बोलायचे तर आमच्याकडे गल्ली होती, पण गल्लीला लागून टर्मन नव्हते. सांच्यावरचा प्रश्न घेऊन जावे असा वर्ग नव्हता, आणि नव्या कल्पनेवर पैसे लावणारा, बुडाले तरी चालतील म्हणणारा माणूसही नव्हता. साधा माग आणि कोरे कापड यांवरच दशके गेली. हे आमचे मत आहे. धंद्यातले जाणकार आणखीही कारणे सांगतील, विजेपासून सुताच्या भावापर्यंत. पण नुसती दाटी पुरत नाही, एवढे आम्हाला पटले.

दाटी आणि विद्या दोन्ही असूनही मागे पडलेल्यांची गोष्ट तर आणखी विचार करायला लावणारी आहे. बोस्टनभोवती 128 क्रमांकाचा महामार्ग आहे. त्याच्या काठाने संगणकाच्या मोठमोठ्या कंपन्या उभ्या होत्या. एमआयटी आणि हार्वर्ड शेजारी, सरकारी कामे हाताशी. 1957 साली केन ओल्सेन यांनी एका भागीदाराबरोबर डीईसी सुरू केली आणि लहान संगणकांत तिने जगभर नाव मिळवले. एक वेळ अशी आली की तिच्या नोकरांची संख्या एक लाखाच्या वर होती. ॲनाली सॅक्सेनियन या संशोधक बाईंनी या दोन प्रदेशांची तुलना करून 1994 साली ग्रंथ लिहिला. 1975 ते 1990 या काळात सिलिकॉन व्हॅलीत तंत्रज्ञानाच्या सुमारे दीड लाख नव्या नोकऱ्या निर्माण झाल्या. महामार्गाच्या काठी झाल्या त्याच्या तिप्पट.

बाईंच्या म्हणण्याचा गाभा असा की, बोस्टनच्या कंपन्या किल्ल्यासारख्या होत्या. सुट्या भागापासून प्रोग्रामपर्यंत सगळे स्वतःच्या भिंतींच्या आत बनवायचे, बाहेरच्याशी बोलायचे नाही, सोडून जाणाऱ्याकडे बेइमान म्हणून पाहायचे. मोठे संगणक चालत होते तोवर हे खपून गेले. टेबलावर मावणाऱ्या स्वस्त संगणकांचा जमाना आला तेव्हा किल्ल्यातल्या लोकांना तो उशिरा दिसला. वँग कंपनी 1992 मध्ये दिवाळखोरीत गेली, डीईसी 1998 मध्ये दुसऱ्या कंपनीला विकली गेली. कॅलिफोर्नियातही कंपन्या बुडत होत्या, काही तर जास्तच. पण बुडालेल्या कंपनीची माणसे सोमवारी पलीकडच्या रस्त्यावर कामाला लागत. कंपनी गेली तरी हुनर गावात राहत असे.

इतके सोपे असते तर हे कोणीही उचलले असते. स्वतः टर्मन यांनाच 1960 च्या दशकात न्यू जर्सीच्या कंपन्यांनी बोलावले होते: आमच्याकडेही असे खोरे उभे करून द्या. पैसा होता, बेल लॅबसारखी जगप्रसिद्ध प्रयोगशाळा होती, सल्ला द्यायला खुद्द कर्ता माणूस होता. तरी जमले नाही, कारण त्या कंपन्यांचे एकमेकींशी सहकार्याचे सूतच जुळले नाही.

जिथे जमले तिथे माणसांची ये-जा होती. तैवानने 1980 साली सिंचू येथे विज्ञान उद्यान उघडले. आधीपासून शेजारी दोन विद्यापीठे आणि सरकारी संशोधन संस्था होतीच. त्या संस्थेचे प्रमुख म्हणून अमेरिकेत आयुष्य काढलेल्या मॉरिस चँग यांना आणले आणि 1987 मध्ये टीएसएमसी निघाली. इतरांनी आखलेली चिप फक्त घडवून देणारी ही कंपनी. कॅलिफोर्नियात शिकलेले, तिथे नोकरी केलेले कितीतरी तैवानी इंजिनिअर सिंचूला परतले. दोन्हीकडे घरे असल्यासारखे ते ये-जा करीत.

आपल्याकडच्या माणसांनीही ही वाट तुडवली आहे. जमशेदपूरचे सुहास पाटील आयआयटी खरगपूर आणि एमआयटीत शिकले, युटामध्ये प्राध्यापक झाले आणि 1981 साली तिथेच सॉल्ट लेक सिटीत त्यांनी चिपची रचना करणारी कंपनी काढली. कल्पना चांगली होती, पण गिऱ्हाईक, भांडवल आणि अनुभवी माणसे सगळी शेकडो मैलांवर. शेवटी कंपनीच उचलून सिलिकॉन व्हॅलीत न्यावी लागली. तिथे तिचे नाव सिरस लॉजिक झाले आणि ती मोठी झाली. 1992 मध्ये नव्या उद्योजकांना हात देणारी 'टाय' ही संस्था काढणाऱ्यांत पाटील होते. सॅक्सेनियनबाईंच्या 1999 च्या अभ्यासानुसार 1980 नंतर त्या खोऱ्यात निघालेल्या तंत्रज्ञान कंपन्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश कंपन्यांची सूत्रे चिनी आणि भारतीय वंशाच्या लोकांच्या हाती होती.

विद्यार्थिनीच्या आईच्या प्रश्नाला सर्वात थेट भिडणारी गोष्ट आम्हाला एका जुन्या संशोधनात सापडली. 1993 साली तीन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील पेटंटांची तपासणी केली. पेटंट म्हणजे छापील कागद, कुणीही कुठेही बसून वाचावा असा. नवे पेटंट घेणाऱ्याला आधीच्या कोणत्या पेटंटांचा आधार घेतला ते नोंदवावे लागते. त्या नोंदींवरून दिसले की, जवळच्याच गावातल्या शोधांचा आधार घेण्याचे प्रमाण योगायोगाने व्हावे त्यापेक्षा कितीतरी जास्त होते. कागद सर्वांसाठी खुला, तरी तो प्रथम उपयोगी पडला शेजाऱ्याला. का, तर कागदात काय लिहिले आहे एवढे कळून भागत नाही. कोणती गोष्ट करून पाहिली आणि ती फसली, हे लिहिणाऱ्याच्या तोंडूनच ऐकावे लागते.

पण खोऱ्याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय त्या आईला उत्तर देणे अप्रामाणिक ठरले असते. 1981 च्या अखेरीस सॅन होजेतील फेअरचाइल्डच्या कारखान्यात जमिनीखालच्या टाकीतून रासायनिक द्रावण झिरपून पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपर्यंत पोहोचल्याचे उघड झाले. धूरही न सोडणारा स्वच्छ धंदा, ही समजूत तेव्हा गेली. बागा तर केव्हाच गेल्या होत्या. घरभाडे असे भडकले की तिथल्याच शाळेत शिकवणाऱ्या मास्तरांना तासन्‌तास लांबून यावे लागते. जिथे सगळ्यांनाच जायचे असते तिथे साध्या माणसाला राहणे कठीण होते. पुण्यात खोली शोधणाऱ्यांनाही याची थोडी चव मिळते.

आठवड्याने त्या बाई पुन्हा आल्या. आम्ही त्यांना आठ जणांची गोष्ट सांगितली, जमेल तितकी सोपी करून. त्यांनी शांतपणे ऐकली. मग विचारले, "त्या पोरांच्या आयांना कुणी विचारलं होतं का, सर?"

याचे उत्तर आमच्याकडे नव्हते, तसे सांगितले. मग बोलणे कामाच्या गोष्टींवर आले. कोंढव्यात मुलीची खाला राहते, पण कारखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. वसतिगृह मिळाले तर किती पडेल, शिकाऊ भत्त्यात भागेल का, रात्रपाळी असेल का. आम्ही आमच्याकडून एक प्रश्न वाढवला: मुलीला तिथे फक्त पेट्या भरायला ठेवणार की तपासणीच्या टेबलावर बसवणार? पेट्याच भरायच्या असतील तर पुणे काय आणि मालेगाव काय. जिथे चार जाणती माणसे चुकताना आणि चूक सुधारताना दिसतील, त्या टेबलाजवळ जागा मिळत असेल तर आम्ही मुलीच्या बाजूचे, हेही सांगून टाकले. पाच वर्षांपूर्वीच्या मुलाबद्दलही सांगितले. त्याला त्या ओळखत होत्या.

त्या म्हणाल्या, "शुक्रवारी सांचे बंद असतात. तिच्या अब्बांना घेऊन येते. त्यांच्यासमोर हेच सांगा."

मुलीलाही बरोबर आणा, आणि कारखान्याचे पत्र विसरू नका, असे आम्ही सांगितले आहे.